अंगठा जिथे थांबतो

अकराव्या गल्लीतल्या चौगुले दवाखान्यात लसीच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा आला, की सगळ्यांत जास्त आनंद दाऊद मुजावरांना व्हायचा. कागद जाड, गुळगुळीत, आणि एका पत्रकात बरोबर आठ पुड्या. एकतीस वर्षं कंपाउंडरकी केलेला माणूस. गोळ्यांच्या पुड्या बांधण्यात अख्ख्या जयसिंगपुरात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पत्रकावर हसऱ्या आजी-आजोबांचं चित्र असायचं आणि खाली 'पन्नाशीनंतर लस घ्या, निर्धास्त जगा.' मुजावरांची कात्री चालली की आजी एका पुडीत जायच्या आणि आजोबा दुसरीत.

डॉ. पद्मजा चौगुले हे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्यांना सगळा गाव 'बाई' म्हणायचा. एकसष्टावं वर्ष, अंगात साखर, दिवसाला साठ पेशंट, आणि नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. मोठ्या माणसाला लस घ्या म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्या केव्हाच शिकल्या होत्या. लस बाळाला देतात, म्हाताऱ्याला कशाला, हा गल्लीचा सिद्धांत. सुरुवातीची काही वर्षं बाईंनी एकेकाला दहा-दहा मिनिटं समजावलं. मग दहा मिनिटांची दोन वाक्यं झाली. मग नुसतं पत्रक हातात देणं झालं, आणि शेवटी पत्रकही मुजावरच द्यायला लागले, आत गोळ्या घालून.

हे चाललं असतं तसंच. पण तीन हिवाळ्यांपूर्वी एक नवाच न्यूमोनिया आला, औषधांना न जुमानणारा. पहिल्याच थंडीत एकट्या अकराव्या गल्लीतली नऊ म्हातारी माणसं गेली. नऊही जणांना बाईंनीच तपासलं होतं, औषध दिलं होतं, आणि औषध उपयोगाचं नाही हे चौथ्या दिवशी कळलं होतं. पुढच्या वर्षी लस निघाली. पाच वर्षांतून एक डोस, पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना फुकट. तरी खुर्चीवर येऊन दंड पुढे करणारे महिन्याला सात-आठच.

यंदाच्या जूनमध्ये पेटी आली. शिलाई मशीनच्या झाकणाएवढी पांढरी पेटी, सरकारच्या लसीकरण योजनेतून आलेली, जी प्रत्येक पेशंटला वेगळं पत्रक छापून द्यायची. बसवायला आलेल्या तंत्रज्ञ बाईंनी मुजावरांना बजावलं, की या कागदाच्या पुड्या करायच्या नाहीत. कागद साधा नव्हता.

शाईत कोळशाची अतिबारीक पूड होती, वीज वाहून नेणारी. माणसाचं बोट म्हणजे शेवटी खारट पाण्याची पिशवीच. ते कागदाला टेकलं की त्या जागचा विजेचा भार किंचित बदलतो. कागदाच्या कोपऱ्यात मोहरीएवढी चिप. तिला बॅटरी नाही. हवेत मोबाइलच्या लहरी भरून राहिलेल्या असतात, त्यांतूनच ती पोटापुरती वीज गोळा करायची आणि अंगठा कुठल्या ओळीवर किती सेकंद टेकला, एवढंच टिपून ठेवायची. कागद पुन्हा दवाखान्याच्या दारातून आत आला किंवा घरातल्या एखाद्या मोबाइलशेजारी पडला, की ही टिपणं पेटीला पोचायची.

चाळिशीनंतर माणूस वाचताना अंगठ्याने ओळ धरतो. जिथे मन अडतं तिथे अंगठा अडतो, आणि कंटाळा आला की उचलला जातो. पेटीला लोकांच्या मनातलं काही कळत नव्हतं, अंगठा तेवढा कळत होता. हे सगळं पत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं असायचं. तिथवर कुणाचाच अंगठा कधी पोचला नाही.

राज्यभरातल्या दवाखान्यांतून असे लाखो अंगठे गोळा झाले आणि दोन महिन्यांत पेट्यांना एक गोष्ट उमगली. मृत्यूच्या आकड्यांवर अंगठा थांबत नाही. हसऱ्या आजी-आजोबांवर तर नाहीच नाही. तो थांबतो सगळ्यांत खाली, डॉक्टरांच्या नावावर.

मग पेटीने नाव वर घेतलं. तपासणीच्या खोलीतलं बोलणं ऐकायची तिला परवानगी होती. ते ऐकून तिने बाईंची बोलायची ढब उचलली. 'रामगोंडा, तुमचा खोकला मला पायरीवरूनच ओळखू येतो,' असं एक पत्रक सुरू झालं. बाईंनी ते वाचलं आणि त्यांना एकाच वेळी बरंही वाटलं आणि वाईटही. वीस वर्षांपूर्वी त्या अशाच बोलत असत. आता तोंड उघडायचं त्राण नव्हतं आणि एक पेटी त्यांच्या वतीने मायेने बोलत होती. महिन्याचे सात-आठ डोस होते, ते तीसवर गेले. बाईंनी ठरवलं की आपल्याला काय, बोलू दे तिला.

पेटीला एकच सक्त नियम होता, खोटं छापायचं नाही. सरकारी नोंदीत जे असेल तेवढंच.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी बाकावर कुणीतरी विसरून गेलेलं पत्रक बाईंनी उचललं. मधोमध ठसठशीत ओळ होती. 'मलाही एकसष्टावं लागलंय, मलाही साखर आहे. गेल्या कार्तिकात ही लस मी स्वतः घेतली.' खाली त्यांचं नाव.

बाईंनी लस घेतलेली नव्हती.

झालं होतं असं. लसीच्या एका व्हायलमध्ये दहा डोस असतात. ती एकदा फोडली की सहा तासांत संपवायची, उरलेलं फेकायचं. आणि प्रत्येक डोसला सरकारी पोर्टलवर एक नाव लागतं; दहा डोस, दहा नावं. गेल्या कार्तिकात अशाच एका व्हायलमधला दहावा डोस बाईंच्या नावाचा ठेवलेला होता. दवाखाना बंद व्हायच्या सुमाराला तवनाप्पा कोरे आला. सूतगिरणीत बावीस वर्षं कापसाची धूळ खाल्लेला, छाती भात्यासारखी वाजणारा, पण वय सेहेचाळीस. पोर्टलला छाती दिसत नाही, वय दिसतं. तो लस द्या म्हणून अडूनच बसला. बाई म्हणाल्या, माझा डोस याला देऊन टाका, मी पुढच्या व्हायलमधून घेईन. मुजावरांनी डोस तवनाप्पाला गेल्याचं पाहिलं आणि नाव बाईंचं भरलं, कारण नाव तर भरायलाच हवं होतं. पुढची व्हायल आली तेव्हा पोर्टलने सांगितलं, या व्यक्तीने लस घेतली आहे, पाच वर्षांनी या.

तेव्हा दोघांनाही त्यात विशेष वाटलं नव्हतं. बाईंना तर ते एक काम कमी झाल्यासारखंच वाटलं होतं, हे खरं सांगायला हवं.

आता पत्रक हातात घेऊन त्या मुजावरांकडे गेल्या. मुजावरांनी चष्मा चढवून ओळ दोनदा वाचली. नोंद दुरुस्त करायला काय लागतं ते त्यांना ठाऊक होतं, चौकशी, खुलासे, आणि हंगामाच्या ऐन मध्यावर दवाखान्याची लस बंद. शिवाय त्या ओळीने माणसं येत होती. रोज दहा, कधी पंधरा. पेटीच्या पडद्यावर दिसत होतं, या ओळीवर अंगठा सरासरी अकरा सेकंद टेकत होता. मुजावर म्हणाले, आपण खोटं कुठं बोललोय, रजिस्टर बोललंय. बाईंनी पत्रकाची घडी केली आणि खिशात टाकली. पुढच्या पेशंटला तीन दिवस ताप होता.

असे तीन आठवडे गेले. थंडी वाढली, खोकला वाढला. बाई रोज चाळीस खोकणाऱ्या तोंडांसमोर बसत, मास्क लावून, बिनलसीच्या. मनात ओळ घर करून बसली होती. रस्त्यात कुणी 'बाई, घेतली बरं का लस, तुमचं वाचून' असं म्हटलं की त्या मान डोलावायच्या आणि घाईने पुढे जायच्या.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी अक्काताई खोत आल्या. सत्तरीच्या, बाजारात भाजी विकणाऱ्या. त्यांचे मालक भरमू त्या नऊ जणांतले. अक्काताईंना अक्षरओळख नव्हती. पत्रक मिळालं की त्या ते भाजीच्या पाटीत तळाला घालायच्या. त्यामुळे पेटीकडे त्यांचा अंगठाच नव्हता, आणि त्यांना काय सांगावं हे पेटीला कधी कळलं नव्हतं.

अक्काताईंनी रक्तदाब मोजून घेतला, गोळ्या सांगून घेतल्या आणि उठल्या नाहीत. तपासणीच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. बाहेर बाकावर आठ-दहा माणसं.

"बाई, बायका म्हंत्यात कागदात तुमी लिवलंय, लस घेतलीय म्हून. मला वाचाय येत न्हाई. कागुद काय बी म्हणंल. तुमी तोंडानं सांगा. घेतलीसा?"

एका अक्षराचं काम होतं. 'हो' म्हटलं असतं तर अक्काताईंनी तिथल्या तिथे बाही वर केली असती. चौतीस वर्षांत पेशंटशी खोटं बोलायची वेळ बाईंवर आली नव्हती असं नाही, पण 'काळजी करू नका'पलीकडे त्या गेल्या नव्हत्या. भरमूंच्या वेळी चौथ्या दिवशी याच अक्काताईंना त्यांनी खरं सांगितलं होतं, आणि ते ऐकून अक्काताईंनी नुसतं 'बरं' म्हटलं होतं. त्या 'बरं'ची बाईंना भीती वाटली. लाज तर तीन आठवडे वाटतच होती.

"नाही, अक्काताई," त्या म्हणाल्या. "मी घेतलेली नाही."

पडद्याबाहेर बाकावरच्या सगळ्यांना ते ऐकू गेलं.

"मग आदी तुमी घ्या," अक्काताई म्हणाल्या. "तुमाला काय झालं तर आमी कुणाकडं जायाचं?"

त्या पुडी घेऊन गेल्या. त्या दिवशी बाकावर चार पत्रकं सोडलेली सापडली, आणि लसीला कुणी आलं नाही.

दुपारी बाईंनी दुरुस्तीचा अर्ज स्वतः भरला. डोस कुणाला दिला, वय काय, का दिला, नोंद कुणी केली, सगळं. 'माझ्या सांगण्यावरून' हे शब्द त्यांनी तीनदा लिहिले. तरी व्हायचं तेच झालं. बाईंना लेखी समज आली, आणि नोंद ज्यांच्या लॉगिनवरून झाली त्या मुजावरांचं लॉगिन वर्षभरासाठी बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी. बाईंनी मुजावरांपुढे हे बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, बरंच झालं, डोळ्यांना तेवढाच आराम. त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं, की बाईंना अधिकच अपराधी वाटलं. बाईंचं नाव पोर्टलवर मोकळं व्हायला मात्र आठवडा लागणार होता, तपासणी व्हायची होती.

लस बंद होईल ही भीती खोटी ठरली. उलटंच घडलं. नोंद बदलली तशी पेटीने ओळही बदलली, तिला नियमच तो होता. आता छापून येत होतं, 'गेल्या वर्षी माझ्या नावाचा डोस मी एका आजारी माणसाला दिला. मी स्वतः अजून लस घेतलेली नाही. तुम्ही घ्या.'

या ओळीवर अंगठा सव्वीस सेकंद थांबला.

तीन दिवसांत दवाखान्याबाहेर रस्त्यापर्यंत रांग. एका दिवसात पाच व्हायल संपल्या. जी माणसं दोन वर्षं टाळत होती ती सुना-नातवंडांना घेऊन आली. कुणीतरी पायरीवर नारळ ठेवून गेलं. एका म्हातारीने तर लस टोचून झाल्यावर वाकून बाईंचे पाय धरले, आणि बाई खुर्चीतच मागे सरकल्या. त्यांना सांगावंसं वाटत होतं, की अहो, त्या संध्याकाळी मी दमले होते. तवनाप्पा अडून बसला होता, वाद घालायची ताकद नव्हती, लवकर घरी जाऊन पाठ टेकायची होती. त्यागबिग काही नव्हता तो. पण रांग मोठी होती आणि सांगायलाही ताकद लागते.

अर्ज भरताना खाली एक खूण करायची होती, 'ही माहिती इतर दवाखान्यांतील पत्रकांसाठी वापरण्यास हरकत नाही.' बाईंनी ती न वाचताच केली होती; त्यांचाही अंगठा तिथवर पोचला नव्हता. त्यामुळे आठवडाभरात शिरोळ, हातकणंगले, मिरज, तिन्ही तालुक्यांच्या पत्रकांत जयसिंगपूरच्या डॉक्टरीणबाई झळकल्या.

आठव्या दिवशी बाईंचं नाव मोकळं झाल्याचा संदेश आला. त्यामागोमाग योजनेच्या कार्यालयातून फोन. हुक्केरी नावाचे अधिकारी होते, अगदी मृदू बोलणारे, आणि त्यांच्याही आवाजात थकवा होता. आधी त्यांनी अभिनंदन केलं. तिन्ही तालुके मिळून आठ दिवसांत चार हजार लोकांनी लस घेतली होती. मग म्हणाले, मॅडम, एक विनंती आहे. तुम्ही आता लस घेऊ शकता, हक्कच आहे तुमचा. पण तुम्ही घेतलीत की नोंद बदलणार, आणि ओळही बदलणार. 'मी घेतली आहे' या ओळीला जुना अकरा सेकंदांचाच भाव. गणित करून पाहिलंय. महाशिवरात्रीपर्यंत तुम्ही थांबलात तर या तीन तालुक्यांत अकरा माणसं वाचतील.

बाईंना आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं.

"आणि माझं गणित केलंय का?" त्यांनी विचारलं.

"केलंय, मॅडम." हुक्केरी हळू आवाजात म्हणाले. "तुमचं वय, साखर, रोजचे पेशंट धरून. शंभरात तीन."

बाईंनी डोळे मिटले. त्यांना रागही येईना. शंभरात तीन काही फार नव्हते, आणि अकरा माणसं म्हणजे अकरा माणसं. त्या वर्षीच्या नऊ जणांची तोंडं त्यांना एकेक करून आठवत होती.

"त्या अकरा जणांची नावं द्या," त्या म्हणाल्या. "मी एकेकाच्या घरी जाऊन सांगते."

"नावं नसतात, मॅडम. आकडा असतो."

विचार करून सांगते म्हणून त्यांनी फोन ठेवला. समोर मुजावर पुड्या बांधत होते. पेटीच्या कागदाला कात्री लावायची मनाई असल्याने ते आता जुन्या कॅलेंडरांवर भागवत होते. बाईंनी त्यांना फोनचं सगळं सांगितलं. मुजावरांनी ऐकून घेतलं, हातातली पुडी पुरी केली, आणि एवढंच म्हणाले, की अक्काताईनं दोनदा निरोप धाडून विचारलंय, बाईंनी घेतली का म्हणून.

बाईंना त्या क्षणी हसू आलं असतं, पण आलं नाही. साऱ्या तीन तालुक्यांना त्यांची लस न घेणं हवं होतं. घेतली का म्हणून विचारणारी एकच बाई, आणि तिला वाचता येत नव्हतं. गेले आठ दिवस लोक बाईंच्या मरणाची भीती घेऊन दंड पुढे करत होते, आणि ती भीती ताजी ठेवायची तर त्यांनी रोज थोडं मरणाच्या दारात बसायला हवं होतं. अकरा जीवांचं ओझं खरं होतं, ते त्या नाकारत नव्हत्या. पण त्या जिवंत राहिल्या तर बोलू शकणार होत्या. बोलणं त्यांनीच सोडलं होतं, ते पेटीने काही हिसकावून घेतलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी दहाला त्यांनी नवी व्हायल फोडली. मुजावरांचं लॉगिन बंद म्हणून नोंदी आता स्वतःच कराव्या लागत; एका बोटाने टाइप करत त्यांनी पहिलं नाव आपलं भरलं. मग बाकावरच्या माणसांसमोर बाही वर केली आणि आपल्याच हाताने डाव्या दंडात सुई टोचली. मुजावरांनी कापूस धरला.

बाकावर चौदा माणसं होती. बाई त्यांना म्हणाल्या, की उद्यापासून कागदावर वेगळं लिहिलेलं येईल. ते वाचून तुम्हाला माझी कीव येणार नाही. तरी लस घ्या. काय विचारायचं ते कागदाला विचारू नका, मला विचारा, मी बसले आहे.

नऊ माणसं कागद बघत बसली, मग एकेक करून औषध घेऊन गेली. पाच थांबली. बाईंनी प्रत्येकाशी दहा-दहा मिनिटं बोलायचं ठरवलं, आणि दुसऱ्यालाच घसा दुखायला लागला. लोक काय काय विचारत होते! लसीने हात कायमचा जड होतो का, मटण चालतं का, मेहुण्याला घेतल्यावर चक्कर का आली. चौतीस वर्षांपूर्वी हेच प्रश्न होते. पाचांपैकी चौघांनी घेतली, एकाने शनिवारी येतो म्हणून सांगितलं. बाराच्या सुमाराला अक्काताई आल्या. बाईंच्या दंडावरचा कापूस त्यांनी जवळ जाऊन बघितला, भाजी घेताना बघतात तसा, आणि मग खुर्चीवर बसून पदर सावरला. त्यांच्यामागे त्यांच्या दोन शेजारणी होत्या, आणि शेवटी एक रिक्षावाला.

साडेतीन वाजले. गेल्या आठवड्यात रांग रस्त्यावर होती, आज बाईंनी घेतल्याची बातमी गल्लीभर फिरली आणि बाक रिकामे. हुक्केरींचा आकडा बरोबर असणार, बाईंना त्यात शंका नव्हती. नऊ डोस गेले होते. एक उरला होता, आणि चार वाजता तो फेकायचा. फेकायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. मुजावर म्हणाले, गल्लीत हाक मारून येतो, कुणीतरी घावंल.

बाई पोर्टलवरची दिवसाची शेवटची पानं पुरी करत होत्या. हे काम इतकी वर्षं मुजावरच करायचे, त्यामुळे ही पानं त्यांनी कधी नीट पाहिलीच नव्हती. एका पानावर विचारलं होतं, 'दवाखान्यात काम करणाऱ्या व्यक्ती.' खाली यादी. यादीत एकच नाव होतं, त्यांचं.

"मुजावर, हे एकच नाव का आहे?"

मुजावर दारातून मागे आले, चष्मा चढवून पडद्यात डोकावले.

"केसपेपर असला तरच नाव चढतंय, बाई. माझा केसपेपर न्हाई न्हवं."

एकतीस वर्षांत मुजावरांना ताप आला नव्हता असं नाही. बाई फडताळातली गोळी काढून हातात द्यायच्या, ते पाण्याबरोबर गिळायचे आणि पुन्हा कात्री घ्यायचे. केसपेपर पेशंटचा काढतात.

"मग तुमचं पत्रक?"

"निगालं न्हाई कवा. पेटी कागद देती केसपेपरवाल्यांनाच." ते हे पावसाची खबर सांगावी तसं सांगत होते. "गल्लीत जाऊन येतो, वेळ हाय अजून."

"थांबा," बाई म्हणाल्या.

जूनपासून त्यांच्या आवाजात, त्यांच्या नावाने, दोन हजारांवर कागद या पेटीतून निघाले होते. प्रत्येक कागद या माणसाच्या हातातून गेला होता. खोकणारं प्रत्येक माणूस बाईंच्या आधी यांच्या खिडकीशी उभं राहत होतं, तेही मास्क हनुवटीवर ओढून. अट्ठावन्न वर्षांचा माणूस. आणि आपण त्याला एकदाही विचारलं नाही. आपण दमलो होतो हे खरं, पण हा माणूस चार हातांवर बसला होता. बाईंना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"तुम्ही घ्याल का लस?" त्यांनी विचारलं.

मुजावरांनी सदऱ्याच्या बाहीचं बटण सोडायला घेतलं.

"इचारलं असतंसा तर कवाच घेतली असती."

ते खुर्चीवर बसले. एकतीस वर्षांत त्या खुर्चीवर ते पहिल्यांदाच बसत होते. पुसली होती ती रोज. बाईंनी खणातून कोरा केसपेपर काढला. वर तारीख घातली, नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि मधल्या रकान्याशी पेन थांबलं.

"मुजावर," त्या म्हणाल्या, "वडिलांचं नाव काय तुमच्या?"

मुजावरांनी सांगितलं. बाईंनी ते सावकाश, सुवाच्य अक्षरांत लिहिलं, आणि दुखऱ्या हाताने शेवटचा डोस सुईत भरायला घेतला.